शंभरात चार: डिझेलच्या काजळीतील इंजिन ऑइलचा माग

गॅरेजमध्ये एखाद्या ट्रकबद्दल ‘गाडी ऑइल खाते’ असे म्हटले जाते तेव्हा ती तक्रार असते. खरे पाहता अजिबात ऑइल न खाणारे डिझेल इंजिन कोठेच नाही. सुस्थितीतील इंजिनातही, जळणाऱ्या डिझेलच्या हजारात एक-दोन भाग इतके ऑइल खर्ची पडते, असा ढोबळ हिशेब धरला जातो. लिटरला चार किलोमीटर धावणारा ट्रक 10,000 किलोमीटरांत 2,500 लिटर डिझेल जाळतो, आणि या हिशेबाने तेवढ्या अंतरात अडीच ते पाच लिटर ऑइल चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीतून, नाहीसे होते. पट्टीवरची पातळी खाली गेली की चालक टॉप-अप करतो आणि विषय तिथेच संपतो. गळती नसेल तर ते ऑइल सायलेन्सरच्या, किंवा जुन्या गाडीत ब्रीदरच्या (चेंबरमधील वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाटेने हवेत गेलेले असते.

ते कोणत्या रूपात गेले, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. पूर्ण जळाले तर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते, आणि ते कणांच्या हिशेबात येत नाही. अर्धवट जळाले तर त्याची काजळी होते, आणि ती डिझेलच्या काजळीत अशी मिसळते की सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळी ओळखू येत नाही. मुळीच जळाले नाही तर ते बाष्परूपाने बाहेर पडते आणि थंड हवेत येताच काजळीच्या कणांवर बसते किंवा स्वतःचेच अतिसूक्ष्म थेंब तयार करते. यातले किती ऑइल कणांमध्ये उतरले हे सांगायचे, तर काजळीतील कार्बनचा अणू डिझेलमधून आला की ऑइलमधून हे आधी ओळखता यायला हवे.

प्रस्तुत प्रकरण त्या ओळखीचे आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेतील त्वरक यंत्राचा उपयोग करून संशोधकांनी एका कमिन्स डिझेल इंजिनाच्या काजळीतील ऑइलचा वाटा कार्बन-14 या कार्बनच्या दुर्मीळ किरणोत्सर्गी रूपाच्या आधारे मोजला आणि 2003 साली तो प्रसिद्ध केला. त्यांचे उत्तर होते सुमारे 4 टक्के. आकडा लहान वाटतो. तो खरोखर लहान आहे का, हे मात्र तो नेमका कोणत्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे हे पाहिल्याखेरीज ठरवता येत नाही, आणि माझ्या मते या प्रकरणाचे सारे महत्त्व तेथेच आहे.

इंजिन आणि त्याच्या आतील वाटा

प्रयोगासाठी घेतलेले इंजिन कमिन्सचे बी 5.9 होते: एका रांगेत सहा सिलिंडर आणि 5.9 लिटरची क्षमता. आपल्याकडच्या वाचकाला हे कूळ परके नाही. टाटा आणि कमिन्स यांच्या 1993 साली स्थापन झालेल्या भागीदारीतून जमशेदपूरला याच कुळातील 5.9 लिटरची इंजिने तयार होऊ लागली आणि ‘कमिन्स इंजिनवाला’ टाटाचा ट्रक आपल्या महामार्गांवर रुळला. याच भागीदारीचा एक कारखाना पुढे सातारा जिल्ह्यात फलटणजवळही उभा राहिला. त्यामुळे प्रयोग कॅलिफोर्नियातला असला, तरी या इंजिनात ऑइल कोणकोणत्या वाटांनी फिरते हे आपल्या मेकॅनिकांनी हेड उतरवून पाहिलेले आहे.

पिस्टनवर वरच्या बाजूला कॉम्प्रेशन रिंगा आणि त्यांच्या खाली ऑइल रिंग असते. लायनरवरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचे, जास्तीचे ऑइल खरवडून चेंबरकडे परत पाठवणे हे ऑइल रिंगचे काम, पण तिने सगळेच खरवडून काढले तर वरच्या रिंगा कोरड्या घासू लागतील. म्हणून लायनरवर हॉनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा इतका पातळ थर टिकून राहतो. ज्वलनानंतर पिस्टन खाली उतरतो तेव्हा हा थर गरम वायूंपुढे उघडा पडतो आणि त्यातील हलके घटक उडून जातात. त्याखेरीज रिंगांच्या खाचांत साठलेले ऑइल पिस्टनच्या वर-खाली हालचालीने वर फेकले जाते, व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून थोडे झिरपते आणि टर्बोच्या शाफ्टजवळच्या सीलमधून थोडे निसटते. रिंगांना चुकवून खाली उतरलेला ब्लो-बाय वायू चेंबरमधील ऑइलचे तुषार सोबत घेऊन ब्रीदरमधून निघतो. जुन्या ट्रकमध्ये ही नळी थेट रस्त्याकडे तोंड करून सोडलेली असते आणि तिच्या टोकाशी काळपट चिकट थेंब लोंबताना दिसतो. तो थेंब धुराच्या नळीतून मुळी गेलेलाच नसतो, त्यामुळे धुराच्या कोणत्याही चाचणीत तो मोजला जात नाही.

यात वेळेचा मुद्दा निर्णायक आहे. डिझेल फवारले जाते ते सिलिंडरातील हवा सर्वांत तापलेली असताना. ऑइलचा मोठा भाग उडतो तो त्यानंतर, पिस्टन उतरत असताना आणि धूर बाहेर ढकलण्याच्या टप्प्यात, जेव्हा वायू थंड होत चाललेले असतात. शिवाय तो भिंतीलगतच्या तुलनेने थंड थरात असतो. जळण्याची सर्वांत चांगली वेळ आणि जागा दोन्ही हुकल्यामुळे ऑइल आपल्या अल्प खपाच्या मानाने कणांमध्ये फार मोठ्या प्रमाणात उतरते.

ओळख पटवण्याची अडचण

डिझेल आणि इंजिन ऑइल ही दोन्ही खनिज तेलाचीच अपत्ये आहेत. डिझेलमधील रेणू साधारणपणे दहा ते बावीस-तेवीस कार्बन अणूंचे, तर ऑइलमधील वीस ते चाळीस अणूंचे असतात. काजळीवर चिकटलेला सेंद्रिय भाग द्रावकात विरघळवून गॅस क्रोमॅटोग्राफमधून काढला, तर हलका भाग डिझेलचा आणि जड भाग ऑइलचा अशी विभागणी करता येते, आणि ती अनेक वर्षे केली जातही होती. अडचण दोन ठिकाणी येते. एक तर वीसच्या आसपासच्या अणुसंख्येत दोघांची सरमिसळ होते. दुसरे असे, की जो भाग जळून घन कार्बन झाला आहे त्याच्यावर मूळ रेणूची कोणतीच खूण उरत नाही. रेणूच मोडला म्हटल्यावर त्याची लांबी कुठून मोजणार?

हवेच्या प्रदूषणाचा अभ्यास करणारे रसायनतज्ज्ञ वेगळ्या खुणा वापरतात. होपेन आणि स्टेरेन नावाचे रेणू प्राचीन जीवांच्या अवशेषांतून खनिज तेलात आलेले असतात. ते जड असल्यामुळे शुद्धीकरणात डिझेलमधून बहुतांशी बाजूला पडतात आणि ऑइलमध्ये राहतात. म्हणून शहराच्या हवेतील कणांत ते सापडले की वाहनांच्या ऑइलकडे बोट दाखवता येते. ऑइलमधील जस्त, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचाही असाच उपयोग होतो. परंतु या साऱ्या खुणा ऑइल हजर होते एवढेच सांगतात. कणांतील एकूण कार्बनपैकी किती कार्बन त्याचा, हे त्यांवरून थेट काढता येत नाही.

वयाचा फरक

लिव्हरमोरच्या पद्धतीत रेणूंकडे पाहिलेच जात नाही. पाहिले जाते कार्बनच्या वयाकडे. वातावरणातील कार्बनचा एक नगण्य अंश कार्बन-14 या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या रूपात असतो. वनस्पती हवेतून तो घेतात, आणि त्या मेल्यावर तो 5,730 वर्षांच्या अर्धायुष्याने घटत जातो. पुरातत्त्वज्ञ याच्याच आधारे हाडांचे आणि कोळशाचे वय काढतात. दहा अर्धायुष्ये, म्हणजे सुमारे 57,000 वर्षे उलटली की मूळच्या हजारात एक भाग शिल्लक राहतो. खनिज तेल कोट्यवधी वर्षांचे असल्यामुळे त्यात कार्बन-14 उरलेला नसतोच.

आता इंजिनात नेहमीचे डिझेल न भरता शुद्ध बायोडिझेल भरले तर काय होईल? बायोडिझेल अलीकडेच वाढलेल्या जीवांच्या तेला-चरबीपासून बनते, म्हणजे त्याचा कार्बन ‘नवा’. चेंबरमधील ऑइल मात्र खनिज, म्हणजे त्याचा कार्बन ‘जुना’. काजळीत कार्बन-14 इंधनाच्या तुलनेत जेवढा कमी भरेल, तेवढा तिच्यात जुना कार्बन मिसळला आहे, आणि इंजिनात जुन्या कार्बनचा मुख्य स्रोत ऑइलच आहे. रेणू मोडो, जळो वा न जळो, अणूचे वय बदलत नाही. त्यामुळे काजळी झालेले ऑइल आणि न जळता चिकटलेले ऑइल ही दोन्ही एकाच हिशेबात सापडतात. मला या प्रयोगातील सर्वांत चतुर भाग हा वाटतो: ओळखीसाठी ऑइलमध्ये काही मिसळावे लागले नाही, इंधन बदलले आणि ऑइल आपोआप वेगळे दिसू लागले.

अशा नमुन्यातील कार्बन-14 मोजणे हे साधे काम नाही. प्रयोगातील बायोडिझेलच्या दर मिलिग्रॅम कार्बनमध्ये 103 अ‍ॅटोमोल कार्बन-14 होता. अ‍ॅटोमोल म्हणजे मोलच्या अब्जाव्या भागाचाही अब्जावा भाग. हिशेब केला तर 103 अ‍ॅटोमोल म्हणजे सुमारे 6 कोटी 20 लाख अणू होतात. हा आकडा मोठा वाटला, तरी एका मिलिग्रॅममध्ये कार्बनचे एकूण अणू इतके असतात की सुमारे 80,000 कोटींत एक असे हे प्रमाण पडते. किरणोत्सर्गाची वाट पाहत बसलो तर एवढ्या अणूंपैकी दिवसाला जेमतेम वीस अणू विघटित होतील, आणि विश्वासार्ह मोजणीला वर्षे लागतील. म्हणून विघटनाची वाट न पाहता अणूच मोजले जातात. नमुना जाळून कार्बन डायऑक्साइड करतात, त्याचे ग्रॅफाइटमध्ये रूपांतर करतात, त्यावर सीझियमचे आयन आदळून कार्बनचे ऋण आयन उडवतात आणि त्यांना त्वरकातून पळवून चुंबकांनी वस्तुमानाप्रमाणे वेगळे करतात. 14 वस्तुमानाचा नायट्रोजन हवेत मुबलक असल्याने तो मोजणीत घोटाळा करायचा, पण नायट्रोजनचा ऋण आयन टिकत नाही आणि तो उगमापाशीच गळतो. लिव्हरमोरला 1988 पासून या मोजणीचे स्वतंत्र केंद्र आहे.

मोजणी

इंजिन मिनिटाला 1,600 फेऱ्यांवर आणि 285 न्यूटन-मीटर टॉर्कच्या स्थिर, मध्यम भारावर चालवण्यात आले. या दोन आकड्यांवरून शक्ती सुमारे 48 किलोवॅट, म्हणजे जवळपास 64 अश्वशक्ती येते. सपाट रस्त्यावर एका गतीने निघालेल्या मालवाहू गाडीची स्थिती साधारण अशीच असते. ना चढ, ना ब्रेक, ना सिग्नलला खोळंबा.

निकाल तीन आकड्यांत मावतो. इंधनातील कार्बन-14 दर मिलिग्रॅम कार्बनमागे 103 अ‍ॅटोमोल, धुरातील कार्बन डायऑक्साइडमध्ये 102, आणि कणांमध्ये 99. इंधनाच्या तुलनेत कणांमधील घट 4 एककांची. 103 ला 4 ने उणे होणे म्हणजे 3.9 टक्के, अर्थात सुमारे 4 टक्के कार्बन ऑइलचा. कार्बन डायऑक्साइडमधील एका एककाची घट संशोधकांनी आसपासच्या हवेतील कार्बन आणि जळालेल्या ऑइलचा अत्यल्प अंश यांच्याकडे बोट दाखवून समजावली आहे.

या वजाबाकीकडे जरा रोखून पाहणे आवश्यक आहे. दोन मोठ्या आकड्यांतील लहान फरक हे उत्तर असेल, तर मूळ आकड्यांतील लहानशी चूकही उत्तरात मोठी होऊन उतरते. दोन्ही आकड्यांत एकेका एककाची चूक धरली, तर फरकातील चूक दीड एककाच्या जवळ जाते, आणि उत्तर अडीच ते साडेपाच टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. ‘चार’ हा आकडा म्हणून ‘सुमारे’ या शब्दासकटच वाचावा. तरीही त्यातून दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात: त्या स्थितीत ऑइलचा वाटा शून्य नव्हता, आणि तो वीस-तीस टक्केही नव्हता.

आणखी दोन शंका स्वाभाविक आहेत. पहिली इंधनाच्या वयाची. बायोडिझेल पूर्णपणे ‘नवे’ असतेच असे नाही. ते बनवताना लागणारे मिथेनॉल सामान्यतः नैसर्गिक वायूपासून येते, त्यामुळे बायोडिझेलच्या प्रत्येक रेणूतील साधारण एकोणीस कार्बन अणूंपैकी एक अणू ‘जुना’ असू शकतो. उलट दिशेने, 1950 आणि 1960 च्या दशकांतील अणुचाचण्यांनी वातावरणातील कार्बन-14 वाढवून ठेवला आणि त्याचा काही अंश 2003 च्या सुमारासही शिल्लक होता. अशा ओढाताणीत इंधनाचा आकडा पुस्तकातून उचलणे धोक्याचे झाले असते. तो प्रत्यक्ष मोजलेला आहे, म्हणून ही शंका निकालात निघते.

दुसरी शंका चेंबरमधील ऑइलची. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू वरचा असल्यामुळे लायनरवरून खाली उतरलेले बायोडिझेल ऑइलमध्ये मिसळले की सहजी उडून जात नाही आणि तिथेच साठत राहते. बायोडिझेलवर चालणाऱ्या इंजिनांत ऑइल पातळ होण्याची ही जुनी तक्रार आहे. असे झाले तर ‘जुन्या’ ऑइलमध्ये ‘नवा’ कार्बन शिरतो आणि त्याचा वाटा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. पण किती कमी? ऑइलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळले असे धरले, तर ऑइलचा आकडा शून्याऐवजी 5 च्या आसपास होतो, आणि 4 ला 103 ऐवजी 98 ने भागावे लागते. उत्तर 3.9 वरून 4.1 वर जाते. मोजणीच्या चुकीपुढे हा फरक नगण्य आहे. शंका तत्त्वतः बरोबर असली, तरी या आकड्याला तिच्यामुळे धक्का लागत नाही.

खरी मर्यादा वेगळी आहे, आणि ती पद्धतीच्या मुळाशीच बसलेली आहे. पंपावरचे डिझेल आणि चेंबरमधले खनिज ऑइल या दोघांतही कार्बन-14 नसतो, त्यामुळे रोजच्या इंधनावर चालणाऱ्या ट्रकला ही पद्धत लागूच पडत नाही. मोजण्यासाठी इंधन बदलावे लागते, आणि इंधन बदलले की काजळीही बदलते: शुद्ध बायोडिझेलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याची घन काजळी डिझेलपेक्षा कमी होते. म्हणजे भाजकच हलतो. ऑइल तेवढेच गेले आणि काजळी कमी झाली, तर ऑइलची टक्केवारी वाढते. डिझेलवर त्याच इंजिनाचा आकडा 4 च्या खाली असावा असा कयास करता येतो. या पद्धतीने तो पडताळता मात्र येत नाही.

आता 4 टक्के लहान की मोठा, या प्रश्नाकडे वळू. ऑइलचा खप इंधनाच्या हजारात एक-दोन भाग धरला, तर इंजिनात शिरणाऱ्या एकूण कार्बनमध्ये ऑइलचा वाटा 0.1 ते 0.2 टक्के होतो. कणांमध्ये मात्र तो 4 टक्के आहे. याचा अर्थ ऑइलचा कार्बन अणू कणांमध्ये उतरण्याची शक्यता इंधनाच्या अणूपेक्षा वीस ते चाळीस पट अधिक आहे. प्रयोगातील इंजिनाचा प्रत्यक्ष खप या गणितात घेतलेला नाही, तेव्हा याकडे अंदाज म्हणूनच पाहावे; तरी भिंतीलगतच्या थंड थराबद्दल आणि उशिराने उडणाऱ्या ऑइलबद्दल वर जे म्हटले, त्याच्याशी हा अंदाज जुळतो.

त्याच वर्षीचा दुसरा आकडा

योगायोग असा, की 2003 सालीच अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची रिव्हरसाइड शाखा येथील संशोधकांनी डिझेल धुरातील अतिसूक्ष्म कणांचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले. कण हळूहळू तापवून त्यांच्यातून उडणारे पदार्थ वस्तुमान वर्णपटमापकाने ओळखण्याची त्यांची पद्धत होती. कणांच्या सेंद्रिय, बाष्पनशील भागापैकी किमान 95 टक्के भाग न जळलेले इंजिन ऑइल आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

एकीकडे 4 आणि दुसरीकडे 95. वरवर पाहणाऱ्याला यातला एक आकडा चुकीचा वाटेल, आणि ज्याला जो हवा तो उचलून वापरण्याची सोयही त्यात आहे. वास्तविक दोघांत विरोध नाही, कारण दोघांचे भाजक निराळे आहेत. लिव्हरमोरचा भाजक कणांतील एकूण कार्बन हा होता, आणि मध्यम भारावर त्यातील बहुतेक कार्बन घन काजळीचा असतो. मिनेसोटाचा भाजक होता तो कणांतील फक्त उडून जाणारा सेंद्रिय भाग, जो वजनाने थोडा असू शकतो. वजनाने थोडा, पण संख्येने नव्हे: धूर हवेत मिसळून थंड होताना ऑइलच्या बाष्पातून मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास आकाराचे असंख्य थेंब जन्मतात. गाळणकागदावर वजन केले तर ते जाणवतही नाहीत. एकेक कण मोजणाऱ्या उपकरणात मात्र तेच बहुसंख्य ठरतात. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा धूर किती प्रकाश अडवतो हे पाहतात, आणि इतक्या लहान थेंबांनी दृश्य प्रकाश फारसा अडत नाही. काळा धूर सोडणारी गाडी तिथे पकडली जाते. ऑइलचे थेंब सोडणारी गाडी बिनबोभाट पुढे जाते.

चालवण्याच्या स्थितीचा परिणामही असाच दोन्ही आकड्यांच्या मधून वाहतो. भार वाढला की इंधनाची काजळी वाढते आणि ऑइलचा टक्का झाकला जातो. इंजिन रिकामे फिरत असले की काजळी घटते आणि ऑइल उघडे पडते. याचे टोक म्हणजे घाटाचा उतार. खंबाटकी किंवा बोरघाट उतरताना चालक गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो तेव्हा इंधन पुरवठा बंद असतो, इंजिन नुसते चाकांनी फिरवले जाते. डिझेल शून्य, म्हणून कणही शून्य, असे कोणालाही वाटेल. फिनलंडमधील टांपेरे येथील संशोधकांनी 2014 साली दाखवले की अशा इंजिन ब्रेकिंगच्या वेळीही वाहने अतिसूक्ष्म कण सोडतात, आणि त्या कणांत जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम अशी ऑइलमधील मूलद्रव्ये सापडतात. त्या काही मिनिटांपुरता ऑइलचा वाटा शंभर टक्क्यांच्या जवळ असतो. लिव्हरमोरच्या प्रयोगातील सपाट रस्त्याच्या स्थितीत यातले काहीही दिसणे शक्य नव्हते.

मर्यादा खाली आल्यावर

4 टक्क्यांचे वजन काळाबरोबर कसे बदलले हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत जड वाहनांच्या डिझेल इंजिनांची कणमर्यादा 1988 साली दर अश्वशक्ती-तासाला 0.60 ग्रॅम होती, 1991 साली 0.25 आणि 1994 साली 0.10 ग्रॅम झाली. समजा, 0.10 च्या मर्यादेत बसणाऱ्या एका इंजिनाच्या कणांत ऑइलचा वाटा 4 टक्के आहे, म्हणजे 0.004 ग्रॅम. तोपर्यंत त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण 2007 साली मर्यादा 0.01 ग्रॅमवर आली. इंधनाकडून येणारी सारी काजळी जादूने नाहीशी केली, तरी एकट्या ऑइलचे ते 0.004 ग्रॅम नव्या मर्यादेचा चाळीस टक्के हिस्सा खाऊन बसतात. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 (भारत स्टेज 6) या प्रदूषण मानकामध्ये जड डिझेल इंजिनांची मर्यादा दर किलोवॅट-तासाला 0.010 ग्रॅम आहे. त्या एककांत ऑइलचा तोच हिस्सा निम्म्याच्याही वर जातो. हे गणित कार्बन आणि एकूण वजन यांतला भेद बाजूला ठेवून केलेले आहे, तेव्हा ते दिशा दाखवण्यापुरतेच घ्यावे. दिशा मात्र स्पष्ट आहे. इंधनात गंधक 10 पीपीएमवर आले, फवाऱ्याचा दाब वाढला, ज्वलन सुधारले, आणि या प्रत्येक सुधारणेने इंधनाचा हिस्सा कमी करून ऑइलचा टक्का वर ढकलला.

एवढी खालची मर्यादा फक्त ज्वलन सुधारून गाठणे जमले नाही, म्हणून धुराच्या मार्गात कण अडवणारा फिल्टर आला, ज्याला गॅरेजात डीपीएफ म्हणूनच ओळखतात. त्याच्या आधीच्या उत्प्रेरकात ऑइलचे बाष्प बरेचसे जळून जाते, आणि फिल्टरमध्ये अडकलेली काजळी, मग ती डिझेलची असो वा ऑइलची, तापमान साधारण 600 अंशांपर्यंत चढवून जाळता येते. ज्या कार्बनच्या वाटणीसाठी त्वरक यंत्र चालवावे लागले, तो कार्बन इथे कोणाचा हा प्रश्नच गैरलागू होतो.

उरते ती राख. रिंगा आणि बेअरिंगे झिजू नयेत म्हणून ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचे संयुग घालतात. आम्लाचा नाश व्हावा आणि पिस्टन स्वच्छ राहावा म्हणून कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे डिटर्जंट घालतात. ही धातुद्रव्ये कोणत्याही तापमानाला जळून जात नाहीत. ती सल्फेट, फॉस्फेट आणि ऑक्साइडच्या रूपाने फिल्टरच्या भिंतींवर बसतात आणि पुनर्ज्वलनाच्या प्रत्येक फेरीत थोडीथोडी मागे सरकत बंद टोकांपाशी साचतात. समजा, ट्रक दर 5,000 किलोमीटरांना एक लिटर ऑइल खातो. दोन लाख किलोमीटरांत 40 लिटर, म्हणजे सुमारे 35 किलो ऑइल फिल्टरपर्यंत येते. ऑइलची सल्फेटेड राख 1.5 टक्के असेल तर हिशेबाने अर्ध्या किलोहून अधिक राख होते, 1 टक्का असेल तर 350 ग्रॅम. सगळीच राख फिल्टरपर्यंत पोहोचत नाही, कारण उडणाऱ्या ऑइलबरोबर सर्व धातू त्याच प्रमाणात जात नाहीत. पण दोन ऑइलांच्या राखेचे परस्परांशी प्रमाण साधारण तेच राहते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या 2006 सालच्या सीजे-4 श्रेणीने राखेवर 1.0 टक्का, फॉस्फरसवर 0.12 टक्के आणि गंधकावर 0.4 टक्के अशा मर्यादा घातल्या त्या याच हिशेबाने, आणि 2016 च्या अखेरीस आलेल्या सीके-4 मध्ये त्या तशाच ठेवल्या. बीएस-6 ट्रकमध्ये जुन्या सवयीने आधीच्या श्रेणीचे, जास्त राखेचे ऑइल ओतले, तर धूर दुसऱ्या दिवशी काळा होत नाही. फिल्टरचा प्रतिदाब महिन्यांगणिक वाढत जातो, पुनर्ज्वलनाचे दिवे लवकर लवकर लागू लागतात, आणि फिल्टर उतरवून हवेच्या झोताने झाडला की करड्या-पांढऱ्या भुकटीचे वजन करता येते.

त्या भुकटीचा चमचाभर नमुना लिव्हरमोरच्या यंत्राकडे पाठवून उपयोग नाही. तिच्यात कार्बन जवळजवळ नाहीच, त्यामुळे जुना आणि नवा वेगळा करण्याची ती सारी युक्ती येथे बंद पडते. तिचा माग काढायला तराजू आणि ऑइलच्या डब्यावर छापलेली श्रेणी पुरते.